मिलिमीटर ते किलोमीटर

२००५ सालच्या जुलै महिन्यात, २६ तारखेच्या सकाळपासून २७ तारखेच्या सकाळपर्यंत, मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत, त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास पडलेला पाऊस सुमारे ७४ मिलिमीटर होता. हे आकडे त्या वेळी देशभर सांगितले आणि ऐकले गेले. पण ते ऐकणाऱ्याच्या मनात कोणते चित्र उभे राहिले असेल? ‘मिलिमीटर’ हा शब्द कानावर पडला की पट्टीवरील दोन बारीक रेघांमधले अंतर डोळ्यांपुढे येते. उलट ‘नऊशे चव्वेचाळीस’ म्हटले की काही तरी प्रचंड असावे असे वाटते. ह्या दोन वाटण्यांच्या मध्ये खरे माप हरवून जाते. ते हाती लागावयाचे, तर आकडा ओळखीच्या मापात आणावा लागतो. ९४४ मिलिमीटर म्हणजे ९४.४ सेंटिमीटर, पुरा मीटर व्हावयास सहा सेंटिमीटरही कमी नाहीत. हे पाणी कोठेही न वाहता, न मुरता, सपाट जमिनीवर साचून राहते, तर मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपास पोहोचते. कुलाब्याचे ७४ मिलिमीटर म्हणजे ७.४ सेंटिमीटर, हाताची चार बोटे शेजारी शेजारी धरली असता जेवढी रुंदी होते, जवळजवळ तेवढीच. एका शहरात, एका दिवशी, एकीकडे चार बोटे पाणी आणि दुसरीकडे कमरेइतके! पाऊस तोच, मोजणी तीच. केवळ एकक बदलले आणि आकड्याला अर्थ आला.

एका एककातील लांबी दुसऱ्या एककात मांडणे, ह्यालाच एककांचे रूपांतर म्हणतात. हा शाळेतील धडा होय, आणि शाळा सुटताच तो विसरावयाचा असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ह्या धड्याची खरी गरज शाळा सुटल्यानंतरच पडते.

मेट्रिक पद्धतीत लांबीचे मूळ एकक मीटर. त्याचे दहा समान भाग केले की एक भाग डेसिमीटर, शंभर केले की सेंटिमीटर, हजार केले की मिलिमीटर. उलट बाजूने दहा मीटरांचा डेकामीटर, शंभर मीटरांचा हेक्टोमीटर आणि हजार मीटरांचा किलोमीटर. अशी ही सात पायऱ्यांची शिडी आहे आणि तिच्या कोणत्याही दोन लगतच्या पायऱ्यांमध्ये दहापटीचेच अंतर आहे. हे उपसर्ग फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने रूढ झाले. मापे वाढविणारे उपसर्ग ग्रीक भाषेतून घेतले गेले आणि मापे लहान करणारे लॅटिनमधून. त्यामुळे नाव ऐकताच एकक मीटरहून मोठे की लहान, हे कळावे अशी सोय झाली.

व्यवहारात मात्र सातांपैकी चारच पायऱ्या वापरात राहिल्या: मिलिमीटर, सेंटिमीटर, मीटर आणि किलोमीटर. उरलेल्या तिघांची नावे क्वचितच कानी पडतात. पण ती नाहीशी झाली आहेत असे नव्हे. एक डेसिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा डबा घेतला, तर त्यात बरोबर एक लिटर दूध मावते. हेक्टो हा उपसर्ग शेतकऱ्याच्या हेक्टरमध्ये नांदतो आहे. शिवाय ज्या पायऱ्यांवर कोणी पाय ठेवीत नाही, त्याही शिडी चढताना मोजाव्या लागतातच. मीटरवरून किलोमीटरकडे जाताना डेका आणि हेक्टो ह्या दोन पायऱ्या न मोजता ओलांडल्या, तर उत्तर शंभरपटीने चुकते.

रूपांतर करताना बहुतेकांना अडते ते एकाच ठिकाणी: गुणावयाचे की भागावयाचे? ह्याचे उत्तर जुन्या घरगुती मापांतच आहे. दोन विती म्हणजे एक हात. एखादे कापड विती-वितीने मोजले आणि ते बारा विती भरले, तर हाताने मोजल्यास ते सहा हात भरते. कापड वाढले नाही की आटले नाही. वीत लहान, म्हणून तिची संख्या मोठी. हात मोठा, म्हणून त्याची संख्या लहान. मोठ्या एककाकडे जावयाचे तर संख्या लहान होणार, लहान एककाकडे यावयाचे तर संख्या मोठी होणार. एवढे ज्याच्या मनात पक्के बसले, त्याला गुणाकार-भागाकाराचा नियम पाठ करावा लागत नाही, आणि चुकीचे उत्तर आलेच तर ते डोळ्यांना खटकल्यावाचून राहत नाही.

ह्या पद्धतीची सोय कळावयास जुन्या हिशेबाकडे एकवार पाहावे. ३ मैल, ५ फर्लांग आणि ४० यार्ड ह्यांचे इंच किती? मैलाचे १,७६० यार्ड, म्हणून तीन मैलांचे ५,२८०. फर्लांगाचे २२० यार्ड, म्हणून पाच फर्लांगांचे १,१००. त्यांत ४० मिळविले की ६,४२० यार्ड. यार्डाचे ३६ इंच, म्हणून उत्तर २,३१,१२० इंच. आता ३ किलोमीटर, ५४० मीटर आणि २० सेंटिमीटर ह्यांचे सेंटिमीटर किती? ३,५४,०२०. येथे गणित केलेच नाही. आकडे शेजारी शेजारी लिहिले इतकेच. २०२० साली नेपाळ आणि चीन ह्या दोन्ही देशांनी मिळून एव्हरेस्ट शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर असल्याचे जाहीर केले. ती किलोमीटरमध्ये ८.८४८८६ आणि सेंटिमीटरमध्ये ८,८४,८८६. आकड्यांचा क्रम जागचा हलत नाही. हलते ते केवळ दशांश चिन्ह.

जुन्या पद्धतीला निव्वळ गोंधळ म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. बारा इंचांच्या फुटाचे निम्मे, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा अपूर्णांकावाचून मिळतात. सोळा आण्यांचा रुपया निम्मा करीत शेवटच्या आण्यापर्यंत जाता येते. मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी मुखोद्गत करून घेत असत, ते ह्याच व्यवहारासाठी. त्या पाढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुकानदार आणि कारकून घडविले. पण ज्याला हे पाढे शिकावयास मिळाले नाहीत, तो हिशेबाच्या बाबतीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. दशमान पद्धतीचा खरा लाभ येथे आहे. तिने हिशेब जलद झाला हे खरेच; परंतु हिशेब तपासण्याची शक्ती सामान्य माणसाच्या हाती आली, हे त्याहून मोठे.

ही शक्ती ज्या तत्त्वातून आली, ते तत्त्व भारताला परके नाही. एक, दहा, शंभर, हजार अशा स्थानांपैकी प्रत्येक स्थान मागच्याच्या दहापट असते, हे आर्यभटाने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. रिकाम्या स्थानासाठी शून्य लिहिण्याची रीत ह्याच भूमीत रूढ झाली आणि अरबांच्या मार्फत युरोपात पोहोचली. पुढे १५८५ साली सायमन स्टेविन ह्या फ्लेमिश गणितज्ञाने एका छोट्या पुस्तिकेत दशांश अपूर्णांकांची रीत मांडली आणि वजने-मापेही दहाच्या पटीत विभागावीत असे सुचविले. संख्या दहाच्या पटीत लिहावयाची आणि मापे मात्र बारा, तीन आणि आठ ह्यांच्या पटीत ठेवावयाची, ह्या विसंगतीवर त्याने नेमके बोट ठेवले. ती विसंगती दूर व्हावयास आणखी दोन शतके जावी लागली.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ साली, देलांब्र आणि मेशँ हे दोघे खगोलज्ञ डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतच्या रेखावृत्ताची मोजणी करावयास निघाले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे ठरले होते. सुमारे सात वर्षांच्या खटाटोपानंतर, १७९९ साली, त्या मापाची प्लॅटिनमची पट्टी तयार होऊन पॅरिसमध्ये ठेवण्यात आली. आधुनिक मोजणीप्रमाणे ती पट्टी ठरल्याहून सुमारे ०.२ मिलिमीटर तोकडी भरली. पण मीटर एकदा रूढ झाल्यावर तो बदलण्यात अर्थ नव्हता. पृथ्वीचा परीघ जवळजवळ ४०,००० किलोमीटर असा सोपा आकडा निघतो, तो ह्याच जुन्या व्याख्येमुळे. पुढे १९६० साली धातूच्या पट्टीची जागा क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलहरीने घेतली, आणि १९८३ पासून प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर जातो, ते अंतर म्हणजे मीटर असे मानले जाते. व्याख्या बदलत गेली. शिडी मात्र १७९५ सालचीच राहिली.

भारतात मीटर आला तो प्रथम रुळांवरून. १८७० आणि १८७१ साली, लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, मेट्रिक मापांसंबंधीचे कायदे झाले. त्याच सुमारास कमी खर्चाच्या रेल्वेमार्गांसाठी रुळांमधील अंतर ठरवावयाचे होते. देशात मीटर आता येणारच, ह्या अपेक्षेने ते बरोबर एक मीटर धरण्यात आले. पण १८७२ च्या फेब्रुवारीत अंदमानात मेयोचा खून झाला, आणि त्या कायद्यांची अंमलबजावणी कधीच झाली नाही. १८७३ साली दिल्ली ते रेवाडी हा मीटरमापी मार्ग मात्र सुरू झाला. अशा रीतीने देशाने मैलांनी अंतरे मोजली आणि त्या मैलांवरून मीटरमापी गाड्या धावत राहिल्या. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली गाडी साडेपाच फुटी रुळांवरची होती. ते अंतर आज १,६७६ मिलिमीटर असे लिहितात. मीटरमापी मार्गाचे १,००० आणि अडीच फुटी अरुंद मार्गाचे ७६२ मिलिमीटर. रूळ टाकणाऱ्याच्या कामात दशांश चिन्ह येऊच नये, म्हणून येथे मिलिमीटरची योजना आहे.

स्वातंत्र्यानंतर हे काम निश्चयाने हाती घेतले गेले. १९५६ साली वजने व मापे ह्यांच्या मानकांचा कायदा संमत झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने व्यवहारात येऊ लागली, आणि पुढील काही वर्षांत वाराच्या जागी मीटर व मैलाच्या जागी किलोमीटर आला. एवढ्या मोठ्या आणि बहुसंख्य निरक्षर लोकांच्या देशाने अल्पावधीत मापे बदलली, ही गोष्ट सामान्य नव्हे. आज ह्या विषयाचे नियमन २००९ सालच्या वैधमापन कायद्यान्वये होते.

तथापि कायद्याने मापे बदलतात, सवयी सावकाश बदलतात. रस्त्याच्या कडेच्या दगडावर किलोमीटर लिहिलेले असतात. भाषेत तो अजून ‘मैलाचा दगड’ आहे. शिंप्याच्या फितीच्या एका अंगास इंच असतात आणि दुसऱ्या अंगास सेंटिमीटर. कापड मीटरने घेतले जाते आणि अंगाचे माप इंचांनी सांगितले जाते. माणसाची उंची फुटांत, धावण्याची शर्यत मीटरांत. ह्यात काही पाप नाही. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, एवढा एक दुवा लक्षात असला म्हणजे दोन्ही अंगांना ये-जा करता येते. खरा धोका दोन पद्धतींच्या सीमेवर जेवढा आहे, त्याहून अधिक दशमान पद्धतीच्या आतच आहे, आणि तो तिच्या सोपेपणातूनच उत्पन्न होतो.

पाच मीटर सहा सेंटिमीटर हे माप दशांशात कसे लिहावे? घाईत कोणीही ५.६ मीटर असे लिहून जातो. पण ५.६ मीटर म्हणजे पाच मीटर साठ सेंटिमीटर. बरोबर उत्तर ५.०६. सेंटिमीटर हा मीटरचा शंभरावा भाग. मध्ये डेसिमीटरची पायरी आहे आणि ती येथे रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेवर शून्य बसविले नाही, तर सहा आकडा एक पायरी वर सरकतो आणि दहापट होतो. जुन्या पद्धतीत चूक झाली तर ती इंच-दोन इंचांची, फार तर यार्डाची असे. दशमान पद्धतीत चूक झाली की ती दहापटीची किंवा शंभरपटीचीच होते. शून्याला किंमत नाही असे म्हणतात. येथे दुसऱ्याची किंमत राखण्याचे काम तेच करते.

ह्या शून्याचे मोल जमिनीच्या कागदावर जेवढे कळते तेवढे अन्यत्र क्वचितच कळत असेल. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर ह्या क्रमाने लिहिलेले असते. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद चौकोनाचे क्षेत्र एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर. शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद चौकोनाचे एक हेक्टर, म्हणजे १०० आर. बोलण्यातला गुंठा हा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. तेहेतीस फूट म्हणजे सुमारे १०.०६ मीटर, म्हणून गुंठा १०१.१७ चौरस मीटर भरतो. गुंठा आणि आर हे जवळजवळ भावंडे आहेत, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. आता एखाद्या उताऱ्यावर ० हेक्टर ४ आर असे क्षेत्र आहे, आणि वाटणीच्या टिपणात ते ०.४ हेक्टर असे उतरले, असे समजा. पहिले चार गुंठ्यांहून किंचित कमी. दुसरे जवळजवळ एक एकर. शून्य एकच गळले, पण भावाभावांत कज्जा लागावयास तेवढे पुरे आहे. तेथे ०.०४ असेच लिहिले पाहिजे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. मीटरचे १०० सेंटिमीटर होतात, म्हणून चौरस मीटरचे १०० चौरस सेंटिमीटर होतील, असे सहज वाटते. पण एक मीटर लांबी-रुंदीच्या फरशीवर सेंटिमीटरचे चौकोन आखले, तर एका ओळीत शंभर बसतात आणि अशा ओळी शंभर होतात; म्हणजे एकूण १०,०००. लांबीत दशांश चिन्ह जेवढी घरे सरकते, त्याच्या दुप्पट घरे ते क्षेत्रफळात सरकते आणि तिप्पट घरे घनफळात.

जे जमिनीत तेच आकाशात. हबल ही दुर्बीण १९९० साली अंतराळात सोडण्यात आली. तिच्या मुख्य आरशाचा व्यास २.४ मीटर. पहिली छायाचित्रे धूसर आली, तेव्हा शोध घेता असे आढळले की आरशाची कड सुमारे २.२ मायक्रोमीटर अधिक घासली गेली होती. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्थात चूक ०.००२२ मिलिमीटरची. आणि तिचे मूळ काय? आरसा तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग ठरल्या जागेपासून १.३ मिलिमीटर सरकून बसले होते. मीटरचा आरसा, मिलिमीटरची चूक आणि मायक्रोमीटरचा दोष: शिडीच्या तीन निरनिराळ्या पायऱ्यांवर एकच गोष्ट घडली. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी तेथे जाऊन दुर्बिणीची दृष्टी दुरुस्त केली. हवेतील प्रदूषणाच्या बातम्यांत येणारे २.५ मायक्रोमीटरचे कणही ह्याच पायरीवरचे, ते ०.००२५ मिलिमीटर इतके बारीक असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसांत खोलवर जातात.

ह्या सर्वांतून नागरिकाने घ्यावयाचे ते थोडेच आहे. संख्येबरोबर एककाचे नाव लिहिल्यावाचून किंवा उच्चारल्यावाचून राहू नये. नुसते ‘नव्वद’ हे माप नव्हे. एका हिशेबात एकच एकक ठेवावे. बांधकामाच्या नकाशांत सर्व मापे मिलिमीटरमध्ये देण्याचा प्रघात आहे, तो उगाच नव्हे. दशांश चिन्हाच्या डावीकडे काही नसेल तर तेथे शून्य लिहावे आणि मधली पायरी रिकामी असेल तर तेथेही लिहावे. आणि उत्तर आल्यावर ते एकदा वितीने, हाताने, उंबरठ्याच्या उंचीने मनाशी ताडून पाहावे. खोलीची लांबी चाळीस मीटर किंवा वहीची रुंदी दोन मिलिमीटर निघाली, तर गणित पुन्हा करावयास हवे हे सांगावयास पंडित लागत नाही.

लोकशाहीत मते मोजली जातात, जमीन मोजली जाते, पाऊस मोजला जातो, आणि मोजलेल्या आकड्यांवरून निर्णय होतात. तो आकडा ज्याला स्वतः उलगडता येतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही आणि सहज घाबरवूही शकत नाही. दशांश चिन्ह कोणत्या दिशेने आणि किती घरे सरकवावयाचे, हे ज्ञान लहानसे खरे. पण बाजारात, तलाठ्याच्या कार्यालयात आणि पुराच्या दिवशी ते ज्याच्यापाशी असते, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.